उन्हाचे हप्ते

मराठी माणसाचा मे महिना 'काय उकडतंय हो!' या एका वाक्यावर निघतो. लिफ्टमध्ये, बसथांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, बँकेत टोकन हातात धरून बसल्यावर, कुठेही ते चालतं. समोरच्याचं नाव आठवत नसलं तरी अडत नाही. २०२५च्या मे महिन्याने हे वाक्यच काढून घेतलं. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळचं आभाळ भरून आलं, विजा कडाडल्या, दिवे गेले, आणि त्यानंतर महिनाभर रोज कुठे ना कुठे तेच. बोलायला विषय न उरल्यामुळे माणसं लिफ्टमध्ये मजल्यांचे आकडे वाचत उभी राहू लागली.

वास्तविक उन्हाळ्याची जाहिरात दणक्यात झाली होती. मार्चअखेरीला हवामान खात्याने सांगून ठेवलं होतं की एप्रिल ते जून या काळात उष्णतेच्या लाटांचे दिवस नेहमीपेक्षा जास्त असतील. त्यावर विसंबून लोकांनी एसीची सर्व्हिसिंग करून घेतली, कूलरला नवा वाळा लावला, कुंभारवाड्यातून माठ आणला. एप्रिलने शब्द पाळलाही. मग मे आला आणि एसीचा रिमोट सोफ्याच्या फटीत गेला तो कोणी शोधलाच नाही. एसी आणि शीतपेयं विकणाऱ्या कंपन्यांनी पुढे तिमाहीचे आकडे सांगताना सगळं खापर अवकाळीवर फोडलं. माठाची तर दोन्हीकडून पंचाईत. माठातलं पाणी गार व्हायला बाहेरची हवा कोरडी लागते. दमट हवेत तो नुसताच झिरपतो. त्यामुळे आमच्या घरी माठाखालच्या ताटलीत पाणी, माठात कोमट पाणी आणि घरचे सगळे आल्याचा चहा पीत बसलेले, असा तो उन्हाळा होता.

पुढे जे झालं त्याला हौस म्हणतात. २२ तारखेच्या सुमारास कोकण-गोव्यासमोर अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि २४ला रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. त्याच दिवशी मान्सून केरळात हजर झाला; त्याची तिथली तारीख १ जून. मुंबईत त्याने ११ जूनला यायचं असतं, तो २६ मे रोजी आला. याआधीचा लवकर येण्याचा विक्रम २९ मेचा होता, तोही १९५६ सालचा. कुलाब्याच्या वेधशाळेत मे महिन्यातल्या पावसाचा १९१८पासून जपून ठेवलेला विक्रमही त्याच महिन्यात वाहून गेला. पंचांगाप्रमाणे रोहिणी नक्षत्र लागून, नवतपा सुरू होऊन, जमीन भाजून निघायची ती हीच वेळ. सूर्य वेळेवर रोहिणीत गेला, फक्त तो खालून कोणाला दिसला नाही.

त्याच २६ तारखेला वरळीच्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. स्थानक प्रवाशांसाठी खुलं होऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. त्याचं नाव आचार्य अत्रे चौक. 'गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही' हे ज्यांचं पेटंट वाक्य, त्यांच्या नावाचं स्थानक हवामान खात्याच्या जेमतेम एकशेसात वर्षांच्या विक्रमात बुडावं, हा अत्र्यांवर अन्यायच म्हणायचा.

हवामान खात्याची चेष्टा करणं आता शिळं झालं आहे. खात्याने २०२५मध्ये एकशेपन्नास वर्षं पूर्ण केली, त्यातली निदान शंभर वर्षं आपण त्याला हसत आलो. हल्ली चेष्टा करण्याजोगे आपणच झालो आहोत. प्रत्येकाच्या फोनमध्ये जांभळी-हिरवी भोवरेदार चित्रं फिरत असतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना स्वतःचा रक्तदाब किती हे माहीत नसतं, पण अरबी समुद्रावरचा दाब ते हेक्टापास्कलमध्ये सांगतात. कोकणासमोरचं ते कमी दाबाचं क्षेत्र सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खात्याच्याही आधी पोचलं होतं, असा त्यांचा दावा आहे. याच काकांनी आधीच्या सगळ्या उन्हाळ्यांत डोक्यावर घडी केलेला पेपर धरल्याशिवाय गेटपर्यंत पाऊल टाकलेलं नाही. त्या मे महिन्यात मात्र ते बाल्कनीत खुर्ची टाकून आभाळाकडे तोंड करून बसू लागले. "ड जीवनसत्त्व मिळत नाहीये," म्हणाले. ऊन फुकट मिळत होतं तोवर त्यात जीवनसत्त्व नव्हतं.

सुट्टीवाल्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती दुःखद असली तरी त्यांनी ती पैसे भरून घेतलेली आहे. थंड हवेसाठी महाबळेश्वर गाठायचं, तर घरीच थंड हवा. तरी बुकिंग रद्द करून पैसे परत मिळत नाहीत म्हणून मंडळी गेली, आणि एकेका पॉइंटवर उभी राहून पांढऱ्या धुक्याचे फोटो काढून आली. फोटो कुठल्या पॉइंटचा आहे हे खाली लिहावं लागतं, एवढाच त्यांच्यात फरक. लग्नं ज्यांनी लॉन्सवर ठेवली होती त्यांच्याकडे अक्षता पडायच्या आधी मंडपाचा झोळ पडला. एका लग्नात नवरदेवाच्या मोजड्या चिखलात अशा रुतल्या की करवल्यांना त्या पळवता येईनात. तरी त्या वर्षी कोणी पंखा मागितला नाही म्हणून मंडपवाला खूश होता.

ज्यांचं घर उन्हावर चालतं त्यांची गोष्ट वेगळी आहे. नाशिककडे काढलेला उन्हाळ कांदा शेतातच ढीग लावून पडला होता. चाळीत भरायच्या आत भिजला आणि त्याला कोंब फुटले. किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद होते, म्हणून कोळणी मे महिन्यात वलांड्यांवर बोंबील आणि जमिनीवर जवळा वाळवून आगोटीची बेगमी करतात. भिजलेला बोंबील ना ओला म्हणून विकता येतो, ना सुका म्हणून. मिठागरात तर पिकलेलं मीठ पुन्हा पाणी होऊन जातं, पंचनामा करायलाही काही उरत नाही. आणि आम्ही शहरात काय करत होतो? 'मे महिन्यात पाऊस, वाह!' असं लिहून कांदाभजीचे फोटो टाकत होतो. ज्या कांद्याला कोंब फुटले त्याचीच भजी. आषाढ लागेपर्यंत भज्यांचा इतका कंटाळा आला होता की खऱ्या पावसाळ्यात लोक उपमा खात होते.

आता उन्हाची कदर कोणाला होती, ते सांगतो.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मे महिन्याच्या मध्यावर कुरडयांसाठी गहू भिजत घातले. गहू एकदा पाण्यात पडला की मागे फिरता येत नाही. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटायचा, गाळून चीक काढायचा, तो रात्रभर खाली बसू द्यायचा आणि सकाळी वरचं पाणी ओतून शिजवायला घ्यायचा. त्या आंबूस वासाच्या पातेल्याला ऑरेंज अलर्ट कळत नाही. सकाळी आभाळ गच्च. साडेदहाच्या सुमाराला ढग फाटले आणि बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर एकाच शब्दाचा निरोप आला : 'ऊन'.

पाच मिनिटांत लिफ्टला रांग. परात, पाट, सोऱ्या, जुनी सुती साडी, प्लास्टिकचा कागद, कोपऱ्यांवर ठेवायला विटा. गच्चीच्या दाराला कुलूप आणि कुलपापाशी सेक्रेटरी.

"काकू, गच्चीवर वाळवण चालणार नाही. वॉटरप्रूफिंग नवीन आहे. ठराव झालाय."

"ठराव तीन दिवस पाण्यात भिजवून ठेवा," काकू म्हणाल्या, "चौथ्या दिवशी बोलू."

किल्ली मिळाली. वर गेल्यावर कळलं की निम्मी गच्ची सौर पॅनेलांनी आधीच अडवली आहे. पॅनेलला ऊन हवं आणि कुरडईलाही, पण पॅनेलला अनुदान आहे. उरलेल्या जागेत साड्या अंथरल्या गेल्या. गरम चीक सोऱ्यात भरायचा आणि निवायच्या आत पिळायचा, नाहीतर सोऱ्या हलत नाही. म्हणून दोन कॉलेजकुमारांना जिममधून बोलावून घेण्यात आलं. दहा कुरडयांत दोघांचेही दंड भरून आले. चौथ्या मजल्यावरच्या बाई माहेरच्या जळगावच्या. त्यांनी संधी साधून ज्वारीचे बिबडे थापायला घेतले. एकीने साबुदाण्याच्या चिकवड्या, एकीने बटाट्याचा कीस. पोरांना कावळे हाकायला बसवलं, त्याबदल्यात वाटीत गरम चीक, वर दूध आणि साखर. कावळ्यांपेक्षा पोरांनीच जास्त खाल्लं, पण ते दरसालचंच आहे. सेक्रेटरीही कट्ट्यावर टेकून एक वाटी संपवत होते आणि मधूनच वॉटरप्रूफिंगकडे प्रेमाने पाहत होते. इतकं चटके देणारं ऊन असूनही एकाच्याही तोंडून 'उकडतंय' आलं नाही.

साडेबाराला ढग परत आले. पुन्हा रांग, पुन्हा लिफ्ट. मग कुरडया हॉलमध्ये पंख्याखाली, डायनिंग टेबलावर, पलंगावर. काकूंकडे त्या रात्री पाहुणे होते. त्यांना झोपायला पलंग नव्हता, कुरडयांना होता. दुसऱ्या दिवशी तासभर ऊन, तिसऱ्या दिवशी सकाळी थोडं, मग दोन दिवस काहीच नाही. आपल्याकडे घर हप्त्याने घेतात, फ्रीज हप्त्याने घेतात. ऊनही त्याच पद्धतीने वसूल झालं. पंख्याखाली वाळलेली कुरडई तेलात फुलते, पण मन लावून फुलत नाही, एवढं त्या वर्षी साऱ्या बिल्डिंगला कळलं.

आंब्याचीही तीच तऱ्हा. पाऊस पडला की आंबा खाऊ नये, आत अळी असते, असं आपल्या आयांनी सांगून ठेवलंय. नेहमी हा नियम जूनमध्ये लागू होतो, तेव्हा मे महिनाभर खाऊन पोट भरलेलं असतं. त्या वर्षी नियम सहा तारखेलाच लागू झाला. मग घरोघरी परिषदा भरल्या. वळवाचा पाऊस हा पाऊस धरायचा का? संध्याकाळी पडला तर सकाळी आणलेला आंबा चालेल का? पेटीतलं गवत ओलसर, देठाकडे काळे डाग, कापला तर एका बाजूने केशरी आणि दुसऱ्या बाजूने शंकास्पद. आमच्या आजीने चष्मा लावून फोडींची तपासणी केली आणि निकाल दिला : "अळी दिसली तर टाका, नाही दिसली तर ती नाहीच असं समजा." त्या हंगामातला हा सगळ्यात उपयोगी शासननिर्णय होता. आमरस झाला. रोज होणारा आमरस माणूस पेपर वाचता वाचता खातो. तो मात्र सगळ्यांनी वाटी पुसून खाल्ला.

आणि मग जून आला. एवढी घाई करून आलेला मान्सून मुंबईपर्यंत येऊन थबकला आणि जूनचा पहिला पंधरवडा जवळपास तिथेच बसून राहिला. पेरणीची घाई करू नका, असं कृषी खात्याला शेतकऱ्यांना सांगावं लागलं. शहरात छत्र्या बाहेर, रेनकोट बाहेर, शाळेची दप्तरं प्लास्टिकमध्ये, आणि वर लख्ख कडक ऊन. लिफ्टमध्ये पुन्हा संभाषण सुरू झालं. सोफ्याच्या फटीतून रिमोट निघाला. तिसऱ्या मजल्यावरचे काका 'हा काय जून आहे का?' असं विचारत डोक्यावर पेपर धरून गेटकडे जाताना दिसले. त्यांचं जीवनसत्त्व पुरेसं झालं असावं. जे लोक महिनाभर 'उन्हाळाच नाही झाला हो' म्हणून हळहळत होते, ते आता 'पाऊसच नाही हो' म्हणून हळहळत होते. हळहळायला काहीतरी मिळालं की आपला ऋतू सुखाचा जातो.

काकूंनी मात्र मृग लागला त्या दिवशीही हळहळ केली नाही. डब्यातल्या कुरडया, चिकवड्या, बिबडे पुन्हा परातीत ओतले आणि गच्चीवर नेऊन कडकडीत वाळवून आणले. दुपारी चारला खाली आल्या तेव्हा घाम पुसत एवढंच म्हणाल्या, "झक्क ऊन आहे." उन्हाबद्दल वर्षभरात ऐकलेलं हे एकमेव चांगलं मत, आणि तेही जूनमध्ये दिलेलं.

तेव्हा वाचकहो, येत्या उन्हाळ्याचा अंदाज काहीही येवो, गहू एप्रिलच्या मध्यालाच भिजत घाला. साबुदाण्याच्या चिकवड्या त्याच्याही आधी उरका. आंब्याची पहिली पेटी भाव उतरायची वाट न बघता आणा. आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरी महाबळेश्वरला जायच्या आत मागून ठेवा.