जिगरवाले भाऊजी

लुइव्हिलला ताईकडे पोचलो त्या दिवशी फ्रीज उघडला आणि दचकलोच. वरच्या कप्प्यात सहा संत्री, जागोजागी कातडं सोललेली. शेजारी वाटीभर अंड्यांचा बलक.

"हे काय गं?"

"काल तुझ्या भाऊजींनी चौघांना बोलावलं होतं," ताई एवढंच म्हणाली.

भाऊजी मूळचे सांगलीचे. सांगलीत जन्मून हळद न ओळखणं आणि केंटकीत राहून बर्बन व्हिस्की न कळणं ही दोन्ही त्यांच्या मते एकाच जातीची पापं. समोर कोणी टेकलं की सुरू: "मका निदान 51 टक्के हवाच. ओकचं पिंप नवंकोरं, आतून जाळलेलं. एकदा वापरलं की बर्बनला बाद!" 1964 साली अमेरिकी काँग्रेसनं बर्बन हे आपल्या देशाचं खास पेय म्हणून जाहीर केलं, तेही यांनीच अर्ज दिल्यासारखं सांगतात. बर्बन अमेरिकेत कुठंही केली तरी कायद्याला चालते, हे मात्र जरा आवाज उतरवून.

मग 'ओल्ड फॅशन्ड' हे कॉकटेल. ग्लासात साखरेचा खडा, त्यावर अँगोस्टुरा बिटर्सचे दोन-तीन शिंतोडे. या बाटलीचं लेबल बाटलीपेक्षा मोठं. थोरल्या भावाचा सदरा घालून लग्नाला आलेल्या पोरासारखी दिसते. खडा चेचून झाला की भाऊजी एक चिमुकलं स्टीलचं माप काढतात. त्याला म्हणतात जिगर. (पिणाऱ्याच्या काळजाशी संबंध असेल, असं मला वाटलं होतं.) ते डोळ्यांच्या रेषेत धरून बरोब्बर 60 मिली बर्बन, वर संत्र्याच्या सालीची एक पट्टी. कालच्या पाहुण्यांपैकी एकानं म्हणे "जरा सढळ हातानं ओता की" म्हटलं. त्याला नवा ग्लास मिळाला नाही.

पण खरा जीव बर्फात. ट्रेमधला बर्फ चारी बाजूंनी गोठतो, हवा मधे कोंडते, म्हणून तो गढूळ. म्हणून भाऊजी फ्रीझरमध्ये आख्खा पिकनिकचा कूलर ठेवतात, झाकण काढून. पाणी वरून खाली गोठत जातं, बुडबुडे तळाला ढकलले जातात, तळ करवतीनं कापून टाकायचा. वरची लादी आरशासारखी. मोठा तुकडा सावकाश वितळतो, पेय पांचट होत नाही. ताईच्या पुरणपोळ्या त्यापायी शेजारणीच्या फ्रीझरमध्ये राहायला गेल्यात, ही वेगळी गोष्ट.

'व्हिस्की सावर'ला अंड्याचा पांढरा भाग. आधी बर्फाविना झटकायचं, मग बर्फ घालून. तेव्हा कुठं फेस धरतो. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंटकी डर्बीचे घोडे धावतात, तेव्हा 'मिंट जुलेप'. त्यासाठी लावलेल्या पुदिन्यानं तुळशीला कुंडीतून जवळजवळ हाकललंय. मला पहिला ग्लास मिळाला तो पाऊण तासानं. चव? मान्य करायला जिवावर येतं, पण अप्रतिम!

सकाळी नाश्त्याला बलकाची भुर्जी, पिवळीधमक, आणि तीच सोललेली संत्री. भाऊजी मान खाली घालून निमूट खात होते. ताई आंघोळीला गेली होती.

"भाऊजी, चहा टाकता का जरा?"

त्यांनी शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चहा? अरे, आलं किती, साखर किती... ते प्रमाण तुझ्या ताईलाच माहीत. थांबू या की दहा मिनिटं."