वरच्या चार मिरच्या

फ्लॅटमधली परसबाग बाल्कनीत असते. ही बाल्कनी साधारण दहा फूट लांब, चार फूट रुंद असून बागेच्या आधीपासून तिच्यावर वॉशिंग मशीन, वाळत घातलेले कपडे आणि मुलांना लहान झालेली सायकल यांचा ताबा असतो. पालेभाजीला दिवसाकाठी चार तास आणि फळभाजीला निदान सहा तास ऊन हवे, असा नियम आहे. बाल्कनीत जिथे सहा तास ऊन येते तिथे कपड्यांची दोरी असते. चादरी आणि टोमॅटो यांच्यातला हा वाद बहुतेक घरांत चादरींच्या बाजूने सुटतो.

पिकांची निवड हा यापुढचा विषय. मंडईत अर्धा किलो वांगी तोलून झाल्यावर ‘मावशी, वर काहीतरी टाका की’ असे म्हटले, की कोथिंबिरीच्या चार काड्या, दोन-चार मिरच्या आणि कढीपत्त्याची एक डहाळी पिशवीत येऊन पडते. घरच्या बागेत पहिल्यांदा नेमकी हीच पिके घेतली जातात. जे फुकट मिळते ते पिकवण्यासाठी कुंड्या, लाल माती, शेणखत, कोकोपीट, झारी आणि एक छोटे खुरपे विकत आणले जाते. शेतीतला तोटा फक्त खेड्यातच होतो हा समज बाल्कनीने केव्हाच खोटा पाडला आहे. पावसाळ्यात कोथिंबीर महागली की वरची कोथिंबीर बंद होते, तेव्हा तरी घरची कामी यावी. पण ज्या पावसाने मंडईतली महागते त्याच पावसाने कुंडीतलीही सडते.

भांड्यांबाबत मराठी घरांचे धोरण व्यापक आहे. रंगाचे वीस लिटरचे डबे, गळकी बादली, आंब्याची पेटी यांपैकी काहीही चालते. श्रीखंडाच्या डब्यात मेथी होते, वांगे होत नाही. मुळांना निदान फूटभर खोली देणारा रंगाचा डबा त्यासाठी राखून ठेवावा. बुडाला भोके हवीतच. ती गॅसवर तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने पाडली जातात आणि प्लॅस्टिकच्या जळक्या वासावरून बागकाम सुरू झाल्याची वार्ता शेजारी आपोआप पोचते. नुसती काळी माती भरू नये. ती ओली असताना चिखल होते आणि वाळली की तिला भेगा पडतात. माती, कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि कोकोपीट समप्रमाणात घेतल्यास पाणी धरलेही जाते आणि निथळतेही.

चहाचा चोथा खत म्हणून घालण्याची प्रथा आहे. परदेशी पुस्तकांत हा सल्ला बिनशर्त दिलेला असतो, कारण तिकडचा चहा दुधासाखरेसह पाच मिनिटे उकळत नाहीत. इथला चोथा न धुता कुंडीत टाकला तर झाडाआधी मुंग्यांची वाढ होते. चोथा दोन पाण्यांनी धुवावा, मग वाळवून मातीत मिसळावा.

कोथिंबीर लावणे सोपे आहे, असे ज्यांनी ती लावलेली नाही ते सांगतात. अख्खा धणा म्हणजे एक बी नव्हे. ते फळ असते आणि त्यात दोन बिया असतात. धणे पोळपाटावर पसरून वरून लाटणे हलकेच फिरवले की त्यांची दोन दले सुटतात. जोर कमी पडला तर धणे टणाटण उडून फ्रिजखाली जातात, जास्त झाला तर धणेपूड होते. ही दले रात्रभर भिजवून पेरली, की उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. माणसाचा धीर मात्र सातव्या दिवशी संपतो. आठव्या दिवशी त्याच कुंडीत रागाने मेथी टाकली जाते. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, तिच्यापाठोपाठ कोथिंबीरही निवांत उगवते, आणि पुढचे दोन आठवडे घरात कोणाचे पान कोणते यावर चर्चा चालते. धणे पेरायचे ते ऑक्टोबर ते जानेवारी या थंडीच्या दिवसांत. उन्हाळ्यात कोथिंबीर पाने धरायच्या आत तुऱ्यावर येते, म्हणजे धण्यांपासून पुन्हा धणेच मिळतात.

मेथी हे त्या मानाने अत्यंत सज्जन पीक आहे. वाण्याकडचे दाणे चालतात, ऊन थोडे कमी असले तरी तक्रार नसते आणि तीन-चार आठवड्यांत भाजी तयार होते. मुंबईच्या बाजारात मिळणारी समुद्रमेथी ही रेतीत वाढवलेली अशीच कोवळी मेथी असते. बाल्कनीतल्या एका पसरट कुंडीत जेवढी मेथी निघते तिला चिरल्यावर वाटीचा आकार येतो आणि परतल्यावर चमच्याचा.

पुदिना विकत आणलेल्या जुडीपासूनच होतो. पाने चटणीला घेऊन काड्या पाण्यात ठेवल्या, की आठवड्याभरात मुळे फुटतात. त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी, नाहीतर तो शेजारच्या कुंडीत सरकतो आणि पुढे परत येत नाही. गवती चहाचे बुडखे तसेच मातीत खोचावेत. एकदा लागला की घरात सर्दी नसतानाही काढे सुरू होतात. पानांचा ओवा फांदी खोचली तरी लागतो आणि त्याची भजी इतकी चांगली होतात, की झाड बोडके होईपर्यंत कोणी थांबत नाही.

अळूला पाणी लागते. कोकणात तो न्हाणीघराच्या सांडपाण्यावर न मागता वाढतो. बाल्कनीत त्याला रोज मनवावे लागते. अळूवडीच्या एका उंड्याला चार-पाच पाने तरी लागतात, कुंडी एका वेळी दोन देते. पाचवे पान तयार होईतो पहिले पिवळे पडलेले असते. त्यात ते चिंच न लावता शिजवले तर पानातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला खाज आणतात आणि एवढ्या कष्टांनी केलेली वडी सर्वांच्या लक्षात राहते.

कढीपत्ता हे झाड सहनशक्तीचे आहे, झाडाच्या नव्हे, घरातल्यांच्या. पहिले वर्ष-दोन वर्षे त्याला हात लावायचा नसतो. रोज फोडणी घालताना चार पावलांवर झाड असूनही पुडीतला कढीपत्ता वापरावा लागतो. त्याला आंबट ताक घालण्याची रीत महाराष्ट्रभर आहे, त्यामुळे घरातल्या माणसांच्या वाटणीची कढी पातळ होते. पुढे शेंडा खुडला की फांद्या फुटतात आणि झाड डवरते, त्याच सुमारास त्यावर पक्ष्यांची विष्ठा दिसू लागते. ही विष्ठा दोन दिवसांनी जागा बदलते. ती अळी असते. कॉमन मॉरमॉन नावाचे फुलपाखरू कढीपत्त्यावर आणि लिंबावर अंडी घालते आणि त्याची लहान अळी शत्रूला चकवण्यासाठी असे रूप घेते. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते, तोवर पानांच्या फक्त शिरा उरलेल्या असतात. शेजारच्या कुंडीतल्या लिंबावर तिचे थोरले भावंड ब्लू मॉरमॉनही येऊ शकते. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, तेव्हा लिंबू फस्त करणाऱ्या त्या अळीला एक प्रकारे राजाश्रय आहे. अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. एकाला फोडणी हवी असते, दुसऱ्याला फुलपाखराचा फोटो. फोटोवाले जिंकतात.

मिरची पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून आली आणि इथे इतकी रुळली, की तिच्यावाचून ठेच्याची कल्पना करवत नाही. तिखटपणा तिच्या आतल्या पांढऱ्या भागात असतो आणि पक्ष्यांना तो जाणवत नाही, त्यामुळे लाल झालेली मिरची बुलबुल आवडीने खातो. माणसाने ती हिरवी असतानाच तोडावी. पाने आकसून वाटीसारखी झाली तर तो चुरडामुरडा, शेतकऱ्यांच्या भाषेत बोकड्या. तो फुलकिडे, कोळी आणि पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूमुळे होतो. विषाणूने गाठलेले झाड उपटून टाकावे. त्याला शेजाऱ्यांनी सुचवलेला कोणताही उपाय लागू पडत नाही.

वेलभाज्यांत लाल भोपळा सर्वांत उत्साही. ग्रिलवर चढून तो वरच्या मजल्याची चौकशी करतो आणि भरपूर फुलतो. पण सुरुवातीची फुले बहुतेक नर असतात. मादीफूल मागून येते, त्याच्या देठाशी चिमुकला भोपळा असतो. पाचव्या मजल्यावर मधमाशी येईलच याची खात्री नसल्याने हे कार्य घरच्या मंडळींनी उरकायचे असते. नरफूल तोडून पाकळ्या काढाव्यात आणि त्याचे परागकण मादीफुलावर अलगद टेकवावेत. मुहूर्त सकाळी लवकरचा. ऊन चढले की फूल मिटते. दुधीची फुले मात्र संध्याकाळी उमलतात, म्हणून त्याचे कार्य ऑफिसातून आल्यावर करता येते. टोमॅटोला वराकडची माणसे लागत नाहीत, त्याचे फूल स्वतःच फलित होते, नुसती फांदी हलवली तरी पुरे. पारा पस्तिशीच्या वर गेला की फुले गळतात. कुंडीतला पहिला टोमॅटो खाण्याआधी किमान तीन कोनांतून टिपला जातो, आणि उद्या काढू म्हणून ठेवला की रात्रीत उंदीर किंवा पहाटे पक्षी तो काढतो.

मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्यासाठी निंबोळी अर्क फवारावा. खतात जीवामृताचे नाव मोठे आहे. पद्मश्री सुभाष पाळेकरांनी घरोघरी पोचवलेली ही कृती एकरासाठी आहे : २०० लिटर पाणी, १० किलो शेण, तितकेच लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती. चाळीस चौरस फुटांच्या बाल्कनीला या हिशेबाने कपभर जीवामृत पुरते. त्यात बेसन २ ग्रॅमही नाही, म्हणजे एका भज्याचेही नाही, आणि शेण सुमारे ९ ग्रॅम. या मापात शेण देणारी गाय उपलब्ध नसल्याने ते बादलीभर बनते, आणि मग सोसायटीची बैठक होते.

कुंडीतली झाडे तहानेने कमी आणि प्रेमाने जास्त मरतात. बोट दोन पेरे मातीत घालावे. ओल लागली तर झारी ठेवून द्यावी. जादा पाणी खालच्या मजल्यावरच्या पापडांवर पडते, त्यासाठी कुंडीखाली ताटली ठेवावी आणि डास होऊ नयेत म्हणून ती रोज ओतून टाकावी. गावाला जाताना किल्ली शेजाऱ्यांना दिली तर ‘जास्त घालू नका’ हे दोनदा सांगावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या वर्षी पुदिना, गवती चहा, पानांचा ओवा आणि मेथी एवढेच लावावे. ही चार पिके बाल्कनीत खरोखर होतात आणि खुडल्यापासून दोन मिनिटांत कढईत पडलेल्या पानाची चव मंडईतल्या जुडीला येत नाही. कढीपत्त्याचे रोपही आताच आणून ठेवावे, त्याला वेळ लागतो. टोमॅटो विकत आणावेत.