लाउंज राहू द्या, लाइट बिलाचं बोला

क्रेडिट कार्डाची जाहिरात सगळ्यात आधी विमानतळावरच्या लाउंजमध्ये शिरते. वर्षाला आठ वेळा मोफत प्रवेश, सोबत नाश्ता. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमान सुटेल असा एकही विमानतळ नाही. कऱ्हाडला धावपट्टी आहे, कवलापूरच्या विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. विमान पकडायचं तर कोल्हापूर नाहीतर पुणे गाठायचं. तरीही लाउंजसाठी हजारो रुपये वार्षिक शुल्क असलेली कार्डं इथल्या शिक्षकांना, क्लार्कना, एमआयडीसीतल्या सुपरवायझरना फोनवरून गळ्यात मारली जातात. हे थांबलं पाहिजे. ते थांबेपर्यंत आपण निदान आपल्या घरच्या खर्चाचा हिशेब करून कार्ड घ्यावं.

दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार येणाऱ्या घराला दोन कार्डं पुरतात. एक रुपेचं, यूपीआयला जोडलेलं. दुसरं ऑनलाइन खरेदीसाठी. दोन्ही आजीवन मोफत. ‘एक लाख खर्च केलात तर शुल्क माफ’ हे मोफत नव्हे.

रुपे कशासाठी? आपल्याकडे दुकानदाराच्या गल्ल्यावर स्वाइप मशीन क्वचित दिसतं, क्यूआर कोड मात्र पानपट्टीपासून मेडिकलपर्यंत सगळीकडे आहे. २०२२च्या सप्टेंबरपासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयवर चालू लागलं आणि तेव्हापासून गणपती पेठेतला किराणा किंवा पोवई नाक्यावरची औषधं उधारीच्या कार्डावर घेता येऊ लागली. मुंबई-बेंगळुरूच्या माणसाने लिहिलेल्या याद्यांत या सोयीला तळाची जागा मिळते. आपल्याकडे ती पहिली हवी. फक्त एवढं लक्षात ठेवा की भाजीवाल्या मावशींचा कोड त्यांच्या स्वतःच्या खात्याचा असेल, तर क्रेडिट कार्डाचे पैसे तिथे जात नाहीत. तिथे साधं यूपीआय किंवा रोख.

आता आकडे. घरखर्च महिन्याला ४०,००० रुपये धरू. किराणा ९,०००, दूध-भाजी ६,०००, लाइट बिल २,०००, मोबाइल-गॅस-इंटरनेट २,५००, पेट्रोल ३,५००, औषधं २,०००, ऑनलाइन खरेदी ५,०००, शाळा आणि क्लास ६,०००, बाकी किरकोळ ४,०००. यातलं कार्डावर बसतं किती? किराणा, औषधं, मोबाइल-गॅस, पेट्रोल आणि ऑनलाइन मिळून २२,०००. दूध-भाजी रोखीत जाते. शाळेच्या फीवर बऱ्याचदा पॉइंट नसतात, उलट ॲपमधून भरली तर शुल्क लागू शकतं. म्हणजे जवळपास निम्मा खर्च कार्डाच्या बाहेरच राहतो, आणि जाहिरातीतली टक्केवारी मात्र पूर्ण खर्चावर मिळणार असं समजून माणूस सही करतो.

ऑनलाइनच्या ५,०००वर पाच टक्के देणारं कार्ड घ्यायचं की तीन टक्के देणारं? पाच टक्क्यांचे वर्षाला ३,००० रुपये होतात. त्या कार्डाचं शुल्क १,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर १,१८० गेले. हातात राहिले १,८२०. तीन टक्के देणारं आजीवन मोफत कार्ड वर्षाला १,८०० देतं. फरक २० रुपयांचा! पाच टक्केवालं कार्ड शुल्क माफ करतं, पण त्यासाठी वर्षाला लाख-दोन लाखांची खरेदी मागतं, आणि या घराची ऑनलाइन खरेदी आहे ६०,०००. ती वेस ओलांडायची म्हणून नको असलेला मिक्सर घरात येतो. बँकेला नेमकं हेच हवं असतं.

लाइट बिलाचं तर स्पष्टच सांगतो. ते क्रेडिट कार्डावर भरू नका. महावितरणच्या संकेतस्थळावर यूपीआयने, नेट बँकिंगने किंवा डेबिट कार्डाने बिल भरायला जादा पैसे पडत नाहीत, क्रेडिट कार्डाला पडतात. ऑनलाइन भरणाऱ्याला महावितरण पाव टक्का सूट देतं, मुदतीआधी लवकर भरणाऱ्याला एक टक्क्याची वेगळी सूट असते, आणि कागदी बिल नको म्हणून ‘गो-ग्रीन’ घेतलं तर बिलामागे १० रुपये कमी होतात. २,०००च्या बिलावर कार्ड फार तर २० रुपयांचे पॉइंट देईल. महावितरणच्या तीन सवलती मिळून त्याहून जास्त भरतात, आणि ते पैसे थेट बिलातून वजा होतात, पॉइंट मोजत बसावं लागत नाही.

पेट्रोलचं तिसरं कार्ड फक्त रोज लांब जाणाऱ्याने घ्यावं. बहुतेक साध्या कार्डांवर पेट्रोलला पॉइंट नाहीत, एक टक्का अधिभार माफ होतो तेवढाच. तेल कंपन्यांची जोडकार्डं जास्त देतात, पण ती आपापल्या कंपनीच्या पंपावर. तेव्हा आधी रोजच्या वाटेवरचा पंप कोणत्या कंपनीचा आहे ते बघा. इस्लामपूर ते सांगली रोज ये-जा करणाऱ्याला याचा उपयोग आहे. गावातल्या गावात स्कूटर फिरवणाऱ्याला नाही. आनेवाडी आणि तासवडेच्या टोलनाक्यांसाठी फास्टॅग भरताना पॉइंट मिळतील अशीही आशा धरू नका, अनेक कार्डांच्या अटींत तो भरणा वगळलेला असतो.

एवढं सगळं नीट जमवलं तर आपल्या या घराला महिन्याला किती मिळतात? ऑनलाइनचे १५०, किराणा आणि औषधांवर एक टक्का धरला तर ११०, मोबाइल-गॅसचे २५. एकूण २८५. वर्षाला ३,४२०. वाईट नाही, दिवाळीचा किराणा निघेल. या रकमेसाठी दोन कार्डं सांभाळायला माझी हरकत नाही.

आता एक महिना चुकवा. २२,०००च्या बिलावर ‘मिनिमम ड्यू’ म्हणून पाच टक्के, म्हणजे १,१०० भरले. उशिराचा दंड लागला नाही, म्हणून माणूस निश्चिंत. उरलेल्या २०,९००वर महिन्याला ३.६ टक्क्यांनी व्याज होतं ७५२, त्यावर जीएसटी १३५. जवळपास ८९० रुपये. तीन महिन्यांची पूर्ण कमाई एका महिन्यात गेली. शिवाय व्याज मोजलं जातं खरेदीच्या तारखेपासून, आणि बाकी शून्य होईपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. वर्षाचा हा दर ४० टक्क्यांच्या वर जातो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये रद्द केली. म्हणजे आता वरची मर्यादा आपल्या शिस्तीनेच घालायची. बँकेत ऑटो-डेबिट लावताना ‘टोटल ड्यू’ निवडा. पगार पाच तारखेला होत असेल तर बिलाची अखेरची तारीख दहाच्या आसपास आणून घ्या. बिलाचं चक्र बदलून मागणं हा रिझर्व्ह बँकेने कार्डधारकाला दिलेला हक्क आहे, मेहेरबानी नाही.

म्हणूनच मी वर ‘दर महिन्याला पगार येणाऱ्या घराला’ असं म्हटलं. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या फार मोठ्या भागात पैसा महिन्याने येतच नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला तर सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. कायद्याने तोडीनंतर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, मिळायला हवी, पण बिलाची वाट किती दिवस बघावी लागते ते वाळवा आणि कऱ्हाड तालुक्यात कुणालाही विचारा. द्राक्षाचं, बेदाण्याचं, हळदीचं तसंच: सौदा होईल तेव्हा पैसा. क्रेडिट कार्ड साधारण ५० दिवस थांबतं. ५० दिवसांची मुदत आणि अठरा महिन्यांचं पीक यांचं लग्न लावलं तर संसार मोडणार हे ठरलेलं. कीटकनाशकं, मजुरी, मुलीची फी कार्डावर टाकून कारखान्याच्या बिलाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला ‘कार्डांची उत्तम जोडी’ सुचवणं हा त्याचा घात आहे.

त्याच्यासाठी १९९८पासून दुसरं कार्ड आहे. किसान क्रेडिट कार्ड. नावात ‘क्रेडिट कार्ड’ आहे म्हणून अनेक जण दोन्ही एकच धरतात आणि गोत्यात येतात. पीककर्जाचा दर सात टक्के, वेळेत फेडलं तर केंद्राची तीन टक्क्यांची सवलत. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचं वेळेत फेडलेलं पीककर्ज बिनव्याजी पडतं. फेडीची मुदत पिकाप्रमाणे ठरते. गावची विकास सोसायटी आणि जिल्हा मध्यवर्ती बँक यांच्यामार्फत ते मिळतं. एकीकडे शून्य, दुसरीकडे चाळीसच्या वर. जूनअखेरीला सोसायटीचं कर्ज भरायला क्रेडिट कार्डावरून रोकड उचलणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी लिहून बघावेत. रोकड काढली की पहिल्या दिवसापासून व्याज, वर काढण्याचं शुल्क वेगळं.

कधी काळी हे समजावून सांगणारा माणूस गावातच असे. सांगली बँक १९१६ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ची. युनायटेड वेस्टर्न २००६ साली आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये. शाखा राहिल्या, पण निर्णय मुंबईला गेले. काउंटरच्या पलीकडच्या माणसाला तुमचा ऊस कोणत्या कारखान्याला जातो हे ठाऊक होतं. आज फोनवर बोलणाऱ्या मुलीसमोर फक्त तुमचा सिबिल स्कोअर असतो आणि महिनाअखेरीचं टार्गेट. त्या मुलीवर माझा राग नाही. तिला ते टार्गेट देणाऱ्यावर आहे.

दुकानदाराचाही विचार करा. तुमचे पॉइंट बऱ्याच अंशी त्याच्याकडून कापलेल्या शुल्कातून येतात. यूपीआयवरच्या रुपे क्रेडिट कार्डाला लहान दुकानदाराकडून २,००० रुपयांपर्यंत शुल्क घेतलं जात नाही. त्याच्या वर गेलं की त्याच्या नफ्यातून जातं. किराण्यात नफा आधीच कमी. जो दुकानदार महिनाभर वहीत मांडून, एक पैसा व्याज न लावता तुम्हाला माल देतो, त्याचं मोठं बिल साध्या यूपीआयने भरा. तुमचे ९० रुपयांचे पॉइंट बुडतील. बुडू द्या. आणि सोनं घेताना कार्डाला दोन टक्के जादा मागितले, तर एका टक्क्याच्या पॉइंटसाठी ते देऊ नका.

कपाटात वर्षभर न वापरलेलं तिसरं-चौथं कार्ड पडलं असेल तर आजच बाकी शून्य करा आणि बंद करण्याचा अर्ज लेखी किंवा ई-मेलने पाठवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमाप्रमाणे बँकेने ते सात कामाच्या दिवसांत बंद करायचं असतं. पुढे उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे आहेत. अर्जाची तारीख लिहून ठेवा आणि कामाच्या आठव्या दिवशी मागणी करा.