हर्राशीतले काकाजी

हिंगणघाट असो की आर्वी, हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या ट्रॅक्टरांची हर्रास लागली की काकाजी तिथे हजर. बोलावत कुणीच नाही. अनामत रक्कम त्यांनी आजवर भरलेली नाही, म्हणजे बोली लावायचा अधिकार नाही. पण भाव चढवायला अधिकार कशाला लागतो?

यार्डात शिरल्यावर नव्या, चकाचक गाड्यांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. थेट कोपऱ्यातल्या, सीटवर पोतं बांधलेल्या ट्रॅक्टरपाशी जातात. डिपस्टिक ओढतात, तेल अंगठ्या-बोटात चोळतात, हुंगतात, धोतराला पुसतात. मग इंजिन सुरू करायला लावून तेलाच्या तोटीवर तळहात धरतात. तिथून धूर किती येतो यावरून पिस्टनची तब्येत कळते, हे खरंच आहे. मिस्त्रीही तसंच बघतो. पण धूर दिसला की मिस्त्री मान हलवतो आणि काकाजी म्हणतात, "श्वास घेऊन रायला, म्हंजे जित्ता हाय!" तासांचं मीटर बंद असलं तर, "चाललाच नाई बाप्पा फारसा."

एचएमटीची पाटी दिसली की त्यांचा आवाज दाटून येतो. "आता असं लोखंड भेटत नाई." पिंजोरच्या कारखान्यातून 1971 साली चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या धर्तीवर हे ट्रॅक्टर निघू लागले आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने तो विभाग बंद करायला मंजुरी दिली, एवढीच हकीकत. काकाजी ती मयतीला आल्यासारखी सांगतात आणि बोली पाच-दहा हजारांनी वर सरकते.

जमलेले देवळी-सेलूचे शेतकरी काही खुळे नसतात. मृगाचा पाऊस पडला की अख्ख्या गावाला पेरणी एकाच दिवशी हवी. भाड्याच्या ट्रॅक्टरचा नंबर लागेपर्यंत ओल उडून जाते. नव्याचा हप्ता फेडायचा कापसाच्या भावावर, आणि तो भाव कशावर ठरतो हे ब्रह्मदेवाने सांगावं. जुना निदान गावातला मिस्त्री पान्या-हातोडीवर उभा करतो. म्हणून दोघं जण हट्टाला पेटतात. अशा वेळी काकाजी एकाच्या कानाशी लागतात, "पाटील, तो समुद्रपूरवाला तुमच्यापुढं जाऊन रायला." आणि लगेच पलीकडे जाऊन, "जाऊ द्या भाऊ, आपल्याच्यानं होत नाई. पाटलाचं काम हाय ते." झालं! एक वार, दोन वार करता करता भाव लाखाने वाढलेला असतो.

मग टपरीवर, बोली जिंकणाऱ्याच्या पैशाने चहा पीत, काकाजी उसासा टाकतात. "काय भाव झाले! गरिबानं टॅक्टर घ्यावा कसा?"

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा लोक म्हणाले, आता जुन्याचे भाव पडणार. काकाजींनी ते साफ खोडून काढलं. "नवा सस्ता झाला म्हंजे सारे नवाच घेतीन. मंग जुना उरन कोनापाशी? भाव वाढतीनच!" या युक्तिवादापुढे भलेभले गप्प झाले.

शेवटी एका पोराने विचारलंच, "काकाजी, तुमच्या वावरात कोनता चालते?"

"पुतण्याचा. कोरा हाय," काकाजी बशीतला चहा फुंकत म्हणाले, "जुन्याच्या भानगडीत कोन पडते बे!"