टपलीचा गुण

पूर्ण तुटलेली वायर सज्जन असते. ती एकदाच तुटते, डोळ्यांसमोर लोंबकळते आणि माणूस डाख देऊन मोकळा होतो. सैल झालेला कनेक्टर मात्र महालबाड. तो चालतो, बंद पडतो, पुन्हा चालतो. आणि जाणकार माणूस समोर आला की हटकून चालतो. शिवाय त्याला कुठलाही उपाय लागू पडतो. त्यामुळे घरात जितकी माणसं, तितके तज्ज्ञ तयार होतात.

जुन्या कॉम्प्युटरचं मॉडिंग करायची मला हौस आली. म्हणजे कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा काढून काच बसवली, आत निळे दिवे आणि जादा पंखे लावले. कामाचा वेग तसूभर वाढला नाही, पण आतली धूळ निळ्या उजेडात छान दिसू लागली. "अहो, ही आपली गणपतीतली माळ का?" बायकोने विचारलं. मी उत्तर देणार, तेवढ्यात दिवे आणि पंखे दोन्ही बंद.

"बंद करून परत चालू करा," बायको म्हणाली. केलं. चाललं. थोड्या वेळाने पुन्हा अंधार. "त्याला जरा विश्रांती द्या रे," आई म्हणाली. दिली. चाललं. शेजारच्या काकांचा रेडिओच्या जमान्यापासून एकच उपचार. त्यांनी येऊन कॅबिनेटच्या डोक्यावर टपली मारली, आणि ते चांगलं संध्याकाळपर्यंत चाललं! काकांचा भाव वधारला. दुकानदाराने तर मशीन न बघताच फोनवर निदान केलं : "साहेब, एसएमपीएस गेला. नवा टाका."

पण हार्ड डिस्क तर सुरळीत चालू होती. म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस शाबूत होता. मशीन बंद केलं, बोर्डातला प्लग काढला आणि दिवे-पंख्यांकडे जाणारा पांढरा मोलेक्स कनेक्टर हातात घेतला. त्यात चार वायरी : पिवळी 12 व्होल्टची, लाल 5 व्होल्टची, मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. दिवे आणि पंखे दोन्ही 12 व्होल्टवर चालणारे, म्हणून संशय पिवळीवर. बाकीच्या तीन पिना रांगेत उभ्या होत्या. पिवळीची पिन मात्र दोन पावलं मागे सरकून, जुळलं तर जुळलं अशा बेताने बसलेली.

या पिनेला दोन बाजूंना पातळ पत्र्याचे इवलेसे काटे असतात. छत्रीच्या दांडीवरच्या घोड्यासारखे ते आत जाताना दबतात आणि आत गेले की उघडून प्लास्टिकला अडतात. माझ्या पिनेचे काटे चपटे झाले होते. त्यामुळे जोडणी करताना पुढून रेटलं की पिन मुकाट्याने मागे जायची, आणि बाहेरून कनेक्टर घट्ट दिसायचा. हे तसंच चालू ठेवणं बरं नव्हे. सैल सांध्याचा रोध वाढतो, सांधा तापतो आणि प्लास्टिक वितळू शकतं.

"गोंद लावून टाका," काका म्हणाले. पण गोंद पिनेवर ओघळला तर वीज जायची वाटच बंद. मी वायर हलकेच ओढून पिन मागून बाहेर काढली.

"अगं, तुझ्या बांगडीतली सेफ्टी पिन दे."

"परत मिळेल ना?" तिने बजावून विचारलं.

सेफ्टी पिनेच्या टोकाने दोन्ही काटे अलगद उचलले. पिवळीच्याच भोकात आहे ना, हे पुन्हा पाहून पिन मागून दाबली. टक्! वायर ओढून पाहिली. हलायला तयार नाही. मग जोडणी केली आणि बटण दाबलं. दिवे लागले, पंखे घरघरले. कनेक्टर मुद्दाम हलवला, कॅबिनेट हलवलं, टेबल हलवलं. काहीही विझेना.

इतक्यात काका पुन्हा चहाला आले. काचेतून आत डोकावून त्यांनी समाधानाने मान हलवली.

"बघा, मी म्हटलं नव्हतं? टपलीचा गुण जरा उशिराच येतो."