टू-डू लिस्टचे शिल्पकार

हिंजवडीतल्या प्रत्येक मजल्यावर एक तरी 'गुरुजी' असतातच. बाजारात नवं फ्रेमवर्क आलं की यांच्या अंगात येतं. शुक्रवारी ते "वीकेंडला जरा बघतो" म्हणतात आणि सोमवारी त्यात टू-डू लिस्ट बनवून आणतात. टू-डू लिस्टच, दुसरं काही नाही. 'दूध आणणे', 'लाइट बिल भरणे', शेजारी चौकोन. टिचकी मारली की ओळीवर काट. २०१० च्या अँग्युलरजेएसमध्ये त्यांनी दूध आणलं, २०१३ मध्ये खुल्या झालेल्या रिअ‍ॅक्टमध्ये आणलं, वर्षभरात व्ह्यू आलं तेव्हा त्यातही आणलं. २०१६ मध्ये गूगलने अँग्युलर मुळापासून नव्याने लिहिलं. जुना कोड कसा हलवायचा म्हणून लोकांनी डोक्याला हात लावला. गुरुजी खूश. आणखी एक यादी!

(एकट्या गुरुजींना कशाला हसा? टूडूएमव्हीसी नावाचा अख्खा प्रकल्पच आहे. तुलना करता यावी म्हणून त्यात हीच यादी कितीतरी फ्रेमवर्कांत लिहून ठेवली आहे.)

डॉक्युमेंटेशन वाचणं त्यांना कमीपणाचं वाटतं. ते दीडपट वेगाने व्हिडिओ बघतात आणि मास्तर टाइप करेल ते टाइप करतात. मास्तरचं चालतं, यांचं चालत नाही, कारण व्हिडिओ दोन आवृत्त्या जुना. रिअ‍ॅक्टच्या क्लासवर कुठे हात बसत होता, तोच फेब्रुवारी २०१९ मध्ये हुक्स आले. गुरुजींनी उत्साहाने 'यूजइफेक्ट' लिहिला, आत डेटा मागवून स्टेटमध्ये भरला, आणि शेवटचा डिपेन्डन्सीचा चौकटी कंस विसरले. झालं! डेटा आला की स्टेट बदले, स्टेट बदललं की पान पुन्हा रेंडर होई, आणि रेंडर झालं की पुन्हा डेटाची मागणी. सर्व्हरवर नुसती झुंबड.

"बघ, किती फास्ट आहे!" गुरुजी म्हणाले.

परवा एका जुन्या अँग्युलरजेएसच्या पानावर तारीख अमेरिकन पद्धतीने, महिना आधी, दिसत होती.

"पायाच कच्चा आहे," गुरुजींचं निदान. "सगळं स्वेल्टमध्ये नव्याने काढू."

"अरे, क्लायंटला फक्त दिवस आधी हवाय," मॅनेजर कळवळला.

तेवढ्यात टीममधल्या नव्या मुलीने डॉक्युमेंटेशनमधलं डेट फिल्टरचं पान उघडलं, शांतपणे वाचलं आणि जेवायच्या आत एक ओळ बदलून मोकळी झाली. गुरुजींनी ती ओळ वाकून वाकून पाहिली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण हे कुठल्या व्हिडिओत सांगितलंय?"