अर्धा फेरा मागे

आमच्या वॉशिंग मशीनचा स्टँड डुगडुगतो. कपडे पिळायला लागले की मशीन स्टँडसकट दारापर्यंत चालत येतं, आणि हिला वाटतं मीच आलो. म्हणून स्टँडच्या चारी कोपऱ्यांना जाड पट्ट्या लावायच्या, त्यांत आटे पाडायचे आणि खालून बोल्टचे पाय पिळायचे, असा बेत मी केला.

पुण्याच्या बोहरी आळीतून बेंच ड्रिल, आटे पाडायचा दहा एमएमचा टॅप आणि ड्रिल थंड ठेवायच्या कुलंट तेलाचा डबा आणला. दुकानदार म्हणाला, "काका, साडेआठचं ड्रिल न्या." दहाच्या बोल्टला साडेआठचं भोक? बँकेत जन्म गेलेल्या माणसाला दीड एमएमचा अपहार लगेच कळतो! घरी येऊन मी बाणेदारपणे दहाचंच भोक पाडलं आणि बोल्ट त्यातून सुळकन निसटून थेट माझ्या अंगठ्यावर आला. त्या बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड एमएम असतो, आणि आटे पडायचे तर तेवढं लोखंड भोकात शिल्लक ठेवावं लागतं, हे अंगठा सुजता सुजता उमगलं.

मग साडेआठचं ड्रिल आणलं. आता कुलंट. पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही. वीस भाग पाण्याला एक भाग तेल. मी नेमकं उलटं केलं. पातेल्यात गुठळ्या पाहून हिनं विचारलं, "दही लावलंत?" ते गाळून मी ड्रिलवर सोडलं, आणि पट्टा सगळ्यात वेगवान पुलीवर असल्यामुळे ते ड्रिलवर न थांबता माझा चष्मा, दोरीवरचा परकर आणि खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचे पापड असा प्रवास करून आलं.

तरीही साडेआठचं भोक पडलं. मी ड्रिल काढून मशीनच्या चकात टॅप धरला, बटण दाबलं. टॅप आत गेला, मोटर कण्हली, 'कट्' असा आवाज झाला. अर्धा टॅप चकात, अर्धा पट्टीत.

भोसरीतला एक फिटर हे ऐकून बराच वेळ नुसता बघत राहिला. "काका, चकात टॅप धरायचा तो सरळ उतरावा म्हणून. प्लग काढून ठेवायचा, चक हातानं फिरवायचा. एक फेरा पुढे, अर्धा मागे, म्हणजे चिप तुटते. आणि हे दुधाळ पाणी कशाला? खोबरेल सोडलं असतं तरी चाललं असतं." अर्धा फेरा मागे! माझ्या ड्रिल मशीनला रिव्हर्स नाही. मला तर लग्नापासून नाही.

तुटलेला टॅप ड्रिलनं निघत नाही, तो ड्रिलइतकाच कडक असतो. स्पार्क मशीनवर जाळून काढावा लागतो, आणि त्याच्या खर्चात नवा स्टँड येतो. हे सगळं मी घरी पडेल आवाजात सांगितलं. हिनं पट्टी हातात घेऊन त्या तुकड्यावर नख घासून पाहिलं.

"अहो, तुम्ही बसवलेली ही या घरातली पहिली वस्तू, जी हलत नाही."